पाळीचा डबा

दाजींचं पोट हा आमच्या पाळीचा करमणुकीचा विषय होता. खाणीत उतरताना पिंजऱ्यात आठ माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. दाजी आत शिरले की कोणीतरी म्हणायचंच, "एकजण बाहेर व्हा रे, कोठार आलं!" दाजी रागावत नसत. पोटावरून हात फिरवत म्हणत, "हसा, हसा. उपाशी मरायची वेळ आली की याच कोठाराच्या दाराशी याल."

मी त्यांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा पाठचा भाऊ. अंगानं इतका वाळका की खाणीत मला सगळे काडी म्हणत. मी कामाला लागलो त्या दिवशी ताईनं मला एकच गोष्ट सांगितली होती. "त्यांच्याकडे लक्ष ठेव. त्यांना भूक सहन होत नाही रे. तेवढं बघ."

आम्हा दोघांचं काम टेकू काढायचं. कोळसा काढून झालेल्या गल्लीत छताला दिलेले लाकडी टेकू मागं मागं सरकत काढून घ्यायचे आणि पुढच्या गल्लीत नेऊन लावायचे. लाकूड नेहमी कमी आणि गल्ल्या जास्त. मी अडचणीत शिरून टेकूला साखळी बांधायचो, दाजी लांबून ओढायचे. एक टेकू निघाला की छत थोडं कुरकुरायचं, मग गप्प व्हायचं. ते गप्प झालं की पुढच्या टेकूला हात घालायचा. त्या दिवशी ते गप्प झालं नाही.

आम्ही मेलो नाही, कारण दाजींनी साखळी सोडली नाही. माझ्या कमरेला अडकलेलं तिचं टोक त्यांनी एका हिसक्यात ओढलं आणि मी फरफटत त्यांच्या पायाशी येऊन पडलो. मागं गल्ली बसली. पुढं वळणावर आणखी एकदा छत आलं. मध्ये वीसेक पावलांची जागा उरली, आणि त्या जागेत आम्ही दोघं. कुठल्याशा फटीतून हवा येत होती. एका कोपऱ्यात छतातून पाणी ठिबकत होतं. माझा डबा ढिगाऱ्याखाली गेला होता. दाजींचा डबा त्यांच्या खांद्याला होता, पण त्यात अर्धा पाव आणि एक उकडलेला बटाटा एवढंच उरलं होतं. बाकीचं त्यांनी उतरतानाच फस्त केलं होतं.

"मला काय ठाऊक, आज मुक्काम आहे म्हणून," ते म्हणाले.

पहिले दोन दिवस वाईट गेले. पोटात नुसता पीळ पडायचा. दाजी तर वेडेपिसे व्हायचे. अंधारात चाचपडत डब्याची कडा चाटायचे. एकदा त्यांनी कमरेचा चामडी पट्टा चावायला घेतला. मी तो हिसकावून घेतला आणि अंगाखाली ठेवून बसलो.

"दे रे. नुसता चघळतो."

"नाही."

"तुझ्या बहिणीला सांगेन हां."

"सांगा. आधी वर चला, मग सांगा."

दिवा आम्ही घटका-दोन घटका लावायचो आणि विझवायचो, पुढं तोही संपला. दिवस मोजायचं साधन नव्हतं. पण वर सुरुंग उडाला की जमीन हादरायची, आणि सुरुंगाची वेळ ठरलेली असते, दिवसातून एकदा. त्यावरून मी गाठी मारत गेलो, बुटाच्या नाडीला.

तिसऱ्या गाठीनंतर भूक गेली. खरंच गेली. पोट गप्प झालं. दाजींना वाटलं आपण बरे झालो. मला मात्र त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला, पिकून उतरलेल्या फळाचा असतो तसा, गोडसर आणि कुजका. मग कळलं की माझ्याही तोंडाला तोच येतोय. आम्ही आपल्यालाच खायला लागलो होतो, पण हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दाजी म्हणाले, "काडी, बघ, आता माझं कोठार उघडलं. तुझं काय? तुझ्याकडे तर उंदरालाही पुरेल एवढं नाही."

"मी हाडं खाईन."

"खा. पण आवाज करू नकोस, मला झोप लागते."

मी त्यांना हलू द्यायचो नाही. उठायचं नाही, बोलायचं कमी, पाणी तोंडात धरून मग गिळायचं. त्यांना ढिगारा उपसावासा वाटायचा. मी नाही म्हणायचो. त्यांना ओरडावंसं वाटायचं. मी नाही म्हणायचो. एवढ्या मोठ्या माणसाला, बहिणीच्या नवऱ्याला, मी दिवसातून पन्नास वेळा नाही म्हणत होतो आणि ते लहान पोरासारखे ऐकत होते.

आठव्या-नवव्या गाठीला थंडी शिरली. खाणीत उकडतं, तरी आम्ही कुडकुडायचो. उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधारातही अंधारी यायची. मी दाजींच्या छातीला कान लावून झोपायचो. आधी त्यांचं हृदय कसं धाडधाड चालायचं. आता दोन ठोक्यांच्या मध्ये इतकं अंतर पडायचं की मी श्वास धरून पुढच्याची वाट बघायचो. मांड्यांचं मांस हातात धरलं तर सैल पिशवीसारखं लागायचं. एकदा मी त्यांचं पोट चाचपलं. कोठार रिकामं होत आलं होतं. कातडीच्या नुसत्या वळ्या.

अकराव्या गाठीला पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. मी दगडानं उत्तर दिलं. तीन ठोके, मग तीन. दाजी रडले, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही.

सोळाव्या दिवशी आम्हाला बाहेर काढलं.

*

इस्पितळातली डॉक्टरीण बारीक चणीची, तुटक बोलणारी. आमच्या दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. तिनं दोघांच्या पायांवर बोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या आणि नर्सला म्हणाली, "दर दोन तासांनी चार चमचे. पातळ पेज. पाचवा चमचा नाही. सुया चालू ठेवा." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "उपाशी माणूस उपासानं मरत नाही तेवढा खाण्यानं मरतो. ऐकताय ना? आठ दिवस मी देईन तेवढंच."

दाजी मला म्हणाले, "खाण्यानं मरतो म्हणे! मग मी लहानपणीच मरायला हवा होतो."

मीही हसलो. मला तिचं बोलणं खरं वाटलं नाही. अन्नानं माणूस कसा मरेल?

आता पाळीच्या डब्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या खाणीत असं होतं की अडकलेला माणूस जिवंत वर आला, की त्याच्या पाळीतल्या प्रत्येकानं आपल्या डब्यातला एक घास त्याला द्यायचा. त्यानं तो खाईपर्यंत तो वर आला असं धरत नसत. देह वर, पण माणूस अजून खालचाच. आणि त्याला घास मिळाल्याशिवाय पाळी पुन्हा खाली उतरत नसे. मी स्वतः असे चार-पाच घास भरवले होते. कोणी अर्धा दिवस अडकलेला, कोणी एक दिवस, फार तर दीड. ती माणसं पोटभर खाऊन, ढेकर देऊन घरी गेली होती. सोळा दिवसांनी कोणी वर आलेलं आमच्या आठवणीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाळीतली सगळी माणसं इस्पितळाच्या दाराशी आली. छत्तीस माणसं, छत्तीस डबे. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. तेव्हा मुकादमानं एक मोठा डबा घेतला, प्रत्येकाच्या डब्यातला एकेक घास त्यात काढला आणि तो ताईच्या हातात दिला. ताई पदराखाली डबा घेऊन आत आली. दुपारची वेळ, नर्स पलीकडच्या खोलीत.

ताईनं दोन्ही खाटांच्या मध्ये उकिडवं बसून झाकण काढलं. त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि जबडे दुखले. पाव होता, अंडी होती, मांसाचे तुकडे होते, गोड काहीतरी होतं. सगळं एकात एक मिसळलेलं. छत्तीस घरांचं.

दाजींनी डब्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ताईनंही माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरीण नको म्हणते ना रे? देऊ का?"

मी सोळा दिवस त्यांना नाही म्हणत होतो. पट्टा नाही, उठणं नाही, ओरडणं नाही. ते वीस पावलांचं बीळ संपलं होतं. वर उजेड होता, बहीण होती, अन्न होतं. आता आणखी एकदा नाही म्हणायला माझ्या जिभेत जोर उरला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला ते खाताना बघायचे होते.

"दे," मी म्हणालो.

त्यांनी सगळं खाल्लं. ताई भरवत होती आणि रडत होती. ते मध्येच थांबून म्हणाले, "हा मुकादमाच्या घरचा. ओळखला. त्याची बायको मीठ टाकायला विसरते." मलाही ताईनं घास दिला. माझ्या पोटानं तो ठेवला नाही. गिळला तसा बाहेर आला, दुसराही आला. मग मी नको म्हणालो. दाजी म्हणाले, "काडीचं नशीबच फुटकं. आण त्याचाही वाटा इकडे."

दुसऱ्या दिवशी मुकादमानं आणखी एक डबा पाठवला. तोही संपला.

त्या संध्याकाळी दाजींची पावलं सुजली. ताईला वाटलं अंग भरतंय. सकाळी त्यांना बोटं बधिर वाटू लागली. पेल्याला हात घालायचे आणि पेला निसटायचा. डॉक्टरीण आली, पाय बघितले, छातीला नळी लावली. तिचा चेहरा बदलला.

"बाहेरचं काही खाल्लंत?"

"छे," दाजी म्हणाले आणि तिच्या पाठीआडून मला डोळा मारला.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा. यांनी काही खाल्लं?"

मी छताकडे बघत राहिलो. मला वाटलं, सांगितलं तर ताईला आत येऊ देणार नाहीत. एवढीच गोष्ट माझ्या मनात होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसलो.

दुपारी त्यांना श्वास पुरेना. बडबडू लागले. मला म्हणत होते, "काडी, साखळी सोडू नकोस." मग म्हणाले, "छत गप्प झालं का रे?" मी म्हणालो, "झालं, दाजी." पाच-सहा माणसं खाटेभोवती धावपळ करत होती. मी शेजारच्या खाटेवरून त्यांची छाती बघत होतो, आणि खाणीतल्यासारखीच पुढच्या ठोक्याची वाट बघत होतो. तो आला नाही.

दारातच अडवलेल्या ताईला बाहेर नेलं. डॉक्टरीण माझ्या खाटेवर येऊन बसली. तिच्या हातात रिकामा डबा होता, नर्सला खाटेखाली सापडलेला.

"मी त्यांच्या बायकोला हे सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सांगते. तुमचं काम काय?"

"टेकू काढायचं."

"मग तुम्हाला कळेल. अन्न बंद झालं की शरीर आधी साठवलेली साखर संपवतं, मग चरबी, मग मांस. स्वतःचेच टेकू काढत काढत मागं सरकतं आणि आग तेवत ठेवावी तशी कमीत कमी कामं चालू ठेवतं. त्यात काही क्षार पार तळाशी जातात. उरतात ते जेमतेम, आणि हृदय त्यांच्यावरच उभं असतं. अशात एकदम अन्न आलं की ते पचवायला शरीर आहेत नाहीत ते सगळे टेकू उचलून तिकडे नेतं. आणि हृदयाचं छत खाली येतं. म्हणून चार चमचे. टेकू परत उभे राहीपर्यंत चार चमचे." तिनं हातातला डबा फिरवून बघितला. "सकाळी विचारलं तेव्हा सांगितलं असतंत, तर हातात काहीतरी होतं."

तिनं डबा माझ्या उशाशी ठेवला आणि गेली.

*

मी बरा झालो. चार चमच्यांचे सहा झाले, मग वाटी, मग दोन वाट्या. महिन्याभरानं केस मूठमूठ गळले आणि नंतर मऊ नवे आले. भिंत धरून चालायला लागलो, मग भिंतीशिवाय. गालांवर मूठभर मांस चढलं. हाताच्या दहाही नखांवर एक आडवा खळगा उमटला होता. डॉक्टरीण म्हणाली, ते दिवस आहेत, शरीरानं नखं वाढवणंसुद्धा थांबवलं होतं. तो खळगा रोज थोडा पुढं सरकायचा. सहा महिन्यांनी तो टोकाला आला आणि मी तो कापून टाकला. शरीराला विसरायला एवढंच लागलं.

ताईला खाणीत दिव्यांच्या खोलीत काम मिळालं. पाळी उतरताना प्रत्येकाला दिवा द्यायचा, वर आल्यावर मोजून परत घ्यायचा. ती माझ्यासाठी रोज डबा आणायची. "तू वाळलास ना, तर वर गेल्यावर ते मला बोलतील," म्हणायची. मी खायचो. तिच्यासमोर बसून शेवटच्या कणापर्यंत खायचो.

तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या हातांनी, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ती म्हणायची, खाणीनं नेलं. मी म्हणायचो, हो ताई. हे मी पोटात ठेवलं आणि वर्षं गेली. नऊ वर्षं.

पण मी गप्प बसलो म्हणून गोष्ट गप्प बसली नाही. तिला माझ्याशिवाय पाय फुटले. मुकादम म्हणायचा, "कोठार का गेलं? डबा उशिरा पोचला. तीन दिवस! दाराशीच त्याला घास मिळाला असता तर आज असता." हळूहळू सगळे असंच म्हणू लागले. ताईही. ते आता ठरूनच गेलं की यापुढं कोणी अडकला तर खाणीच्या तोंडाशीच, इस्पितळाच्या गाडीत घालण्याआधी, डबा. आणि पहिला घास ताईच्या हातचा, कारण उशिराचं दुःख तिनंच भोगलं होतं.

नवव्या वर्षी पुन्हा एक गल्ली बसली. तीन माणसं आत. त्यांत एक मुकादमाचा धाकटा भाऊ. ठोकल्याला उत्तर येत होतं, पण वाट मिळत नव्हती. पाचवा दिवस गेला, आठवा गेला. मी उपसणाऱ्यांत होतो. फावडं मारताना मनातल्या मनात हिशोब चालू होता की आता त्यांची भूक गेली असेल, आता तोंडाला वास येत असेल, आता थंडी वाजत असेल.

अकराव्या दिवशी सकाळी पिंजरा वर आला. तिघं जिवंत होते.

खाणीच्या तोंडाशी एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती. इस्पितळाची गाडी मागं अडकलेली, भोंगा वाजवत होती आणि कोणी हटत नव्हतं. तीन झोळ्या जमिनीवर ठेवलेल्या. मुकादमाचा भाऊ डोळे मिटून पडला होता, गालांची हाडं वर आलेली. मी वाकलो तसा तो वास आला. उतरलेल्या फळाचा.

आणि ताई पुढं आली. हातात मोठा डबा. झाकण निघालेलं. ती गुडघ्यांवर बसली. मुकादमानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं.

"ताई, पहिला घास तुझा," तो म्हणाला. "यावेळी उशीर नाही."

"थांब," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. मी ताईचं मनगट धरलं. तिनं दचकून वर बघितलं.

"डबा बंद कर, ताई. हा मरेल."

मुकादम म्हणाला, "काडी, वेड लागलं का तुला? हात काढ."

"दाजी उशिरानं मेले नाहीत. खाण्यानं मेले. या डब्यानं. अकरा दिवसांचा उपाशी आहे हा, याला चमच्यानं पेज हवी, तीही इस्पितळात. आत्ता पोटभर द्याल तर चार दिवसांत जाईल. गाडीला वाट द्या."

"आणि तू कसा जगलास मग?" मागून कोणीतरी ओरडलं. "तूही खाल्लंस ना?"

"मला ओकारी झाली."

लोक हसले. एकजण म्हणाला, "अन्नानं मरतो म्हणे! सोळा दिवस आत राहून डोकं तिथंच ठेवून आला." मुकादमाचा आवाज चढला. "हा माझा भाऊ आहे, काडी. तुला नको असेल तर बाजूला हो."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "मीच भरवलं त्यांना. डॉक्टरिणीनं बजावलं होतं तरी मी चोरून भरवलं. मी मारलं त्यांना. आता तरी ऐका."

ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या हातातला घास तसाच वर धरलेला.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "तू कुठं भरवलंस? तुला मान उचलता येत नव्हती. मी भरवलं."

मी तिचं मनगट सोडलं.

"मी भरवलं," ती पुन्हा म्हणाली, या खेपेला हळू. तिनं घास डब्यात परत टाकला. बोटं लुगड्याला पुसली. बराच वेळ पुसत राहिली. "मी तुला विचारलं होतं. देऊ का म्हणून."

"हो."

"तू दे म्हणालास."

"हो."

"तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"डॉक्टरिणीनं सांगितलं होतं. दोघांनाही. मला खरं वाटलं नव्हतं, ताई."

"मग खरं कधी कळलं?"

"ते गेले त्या दुपारी."

गाडीचा भोंगा वाजतच होता. तिनं माझ्याकडे बघितलं तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मग तिनं डब्यावर झाकण ठेवलं आणि तळहातानं दाबून घट्ट बसवलं. उभी राहिली.

"मुकादम," ती म्हणाली, "याला गाडीत घाला."

"ताई, पण पाळी..."

"पाळी उतरली नाही तर नाही उतरली! माझ्या हातानं एक गेला तेवढा पुरे. उचला. आणि त्या दोघांनाही."

तिचं ऐकलं. माझं ऐकलं नसतं. तिन्ही झोळ्या गाडीत गेल्या आणि तीही मागं चढून बसली. इस्पितळात ती आठ दिवस त्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची. मुकादमाची बायको एकदा पदराखाली काहीतरी घेऊन आली, तर तिनं ते काढून घेतलं आणि तिला बाहेर काढलं. नर्स चार चमचे घालायची, ते ताई मोजायची. पाळी पाच दिवस उतरली नाही. सहाव्या दिवशी उतरली, घास न भरवताच.

तिघंही जगले. मुकादमाचा भाऊ दोन महिन्यांनी चालत कामावर आला तेव्हा त्यानं मला आपली नखं दाखवली. "हे काय रे, काडी?" मी म्हणालो, "कापून टाकशील सहा महिन्यांनी."

ताईचा डबा मात्र त्या दिवसापासून बंद झाला. दिव्यांच्या खोलीत ती मला दिवा देते, परत घेते. खिडकीतून हात येतो आणि जातो. पहिले काही दिवस मी घरून काही नेलंच नाही, उगाच वाटायचं की येईल. पाळीच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसायचे आणि मी टेकूला टेकून बसायचो. पोटात पीळ पडायचा. तिसऱ्या दिवशी तो जातो हे मला ठाऊक होतं, पण मी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलो नाही. पाव विकत घेतला.

परवा वर आलो, दिवा खिडकीत ठेवला. तिनं तो मोजून आत घेतला. मी वळलो तसं ती आतून म्हणाली,

"शेवटी काय म्हणाले ते?"

त्या दुपारी ती खाटेजवळ नव्हती. तिला दारातच अडवलं होतं. इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण एक सांगितलं असतं तर दुसरं बाहेर आलं असतं.

"छत गप्प झालं का, म्हणाले."

"आणि तू?"

"झालं म्हणालो."

मागची माणसं दिवे हातात घेऊन खोळंबली होती. तिनं पुढच्याचा दिवा घेतला.